टपावरचं ऊन

गेल्या महिन्यात या सदरात वाकणाऱ्या सौर पॅनेलचा ओझरता उल्लेख केला होता. अडीच-तीन मिलिमीटर जाडीचं, पुठ्ठ्यासारखं पातळ, काच नसलेलं आणि गाडीच्या टपावर किंवा बोटीच्या केबिनवर चिकटवता येणारं पॅनेल. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर मी त्यालाच देते आहे. मी रत्नागिरीत एकोणीस वर्षं मच्छीमार बोटींचं वायरिंग करते. गाड्यांची कामं गेल्या पाच-सहा वर्षांत यायला लागली. बाबा तांडेल होते, त्यामुळे माझ्या डोक्यात बोट आधी येते आणि गाडी नंतर. पत्रंही त्याच क्रमाने घेते.

ताई, माझी फायबरची ३४ फुटी गिलनेटची बोट आहे. रात्री जाळं सोडलं की इंजिन बंद करतो. जीपीएस, वायरलेस, ट्रान्सपाँडर (बोटीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र) आणि दिवे सगळे बॅटरीवर चालतात. पहाटे इंजिन सुरू करायला बॅटरीत जीवच राहत नाही. केबिनचं छप्पर गोलसर आहे आणि पोरं त्यावर चढतात. तिथे वाकणारं पॅनेल चालेल का? केरळात म्हणे अख्खी फेरीबोट उन्हावर चालते. मग आमचं इंजिन का नाही?
एक नौकामालक, हर्णै

काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. केरळातली ‘आदित्य’ नावाची फेरीबोट जानेवारी २०१७ पासून वैकम ते तवणक्कडवू अशी चालते. ती ७५ प्रवासी नेते आणि तिच्या छपरावर २० किलोवॅटची पॅनेल आहेत. पण ती वेंबनाड तलावाच्या शांत पाण्यात ठरलेल्या छोट्या अंतरावर ये-जा करते, आणि तिचं अंगच उन्हासाठी बेतलेलं आहे. तुमचं इंजिन ४० अश्वशक्तीचं धरलं तर पूर्ण ताकदीने तासभर चालायला साधारण ३० युनिट लागतात. तुमच्या केबिनवर १०० वॅटची दोन पॅनेल बसतील. ती चांगल्या दिवशी पाऊण युनिटाच्या आत-बाहेर देतील, तेही हातचं राखून ६५० वॅट-तास धरा (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). म्हणजे दीड महिना ऊन साठवलं तर इंजिन एक तास चालेल. इंजिन डिझेलवरच राहू द्या.

रात्रीच्या बॅटरीचं मात्र जमेल, आणि मनाजोगतं जमेल. जीपीएस आणि फिशफाइंडर मिळून दीड अँपिअर, वायरलेस नुसतं ऐकत असताना अर्धा, एलईडीचे नियमाचे दिवे एक, ट्रान्सपाँडर आणि केबिनचा दिवा मिळून अर्धा. साडेतीन अँपिअर झाले. बारा तासांचे ४२ अँपिअर-तास. दोन पॅनेल दिवसाला पन्नासच्या आसपास भरतील. गणित बसतं, पण फार मोकळं नाही. म्हणून माझा आग्रह असा की इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी ठेवा आणि तिला रात्री कुणी हात लावायचा नाही. पॅनेल रात्रीच्या दुसऱ्या बॅटरीला जोडायचं. नुसतं हे केलं तरी पहाटेची तुमची अर्धी काळजी मिटेल. (मासे गोळा करायला पाण्यावर मोठे दिवे सोडण्यासाठी हे विचारत असाल, तर त्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. त्या कामाचं वायरिंग मी करत नाही.)

आता पॅनेल कुठलं ते पाहू. मला विचारणाऱ्या दहांपैकी सात जणांना मी काचेचंच पॅनेल घ्यायला सांगते. ते स्वस्त पडतं, खालून वारा लागतो आणि वर्षानुवर्षं चालतं. वाकणाऱ्या पॅनेलची हमी बहुतेक वेळा एक ते पाच वर्षांची असते, काचेच्या पॅनेलला पंचवीस वर्षांची सहज मिळते. पण तुमच्या केबिनवर उंच फ्रेम उभी केली तर ओढताना जाळं तिच्यात अडकेल, आणि काच फुटली तर ती खलाशांच्या पायाखाली येईल. तुमच्यासाठी वाकणारं पॅनेल योग्य आहे. फक्त ‘वाकणारं’ या शब्दावर फार भरवसा ठेवू नका. वरचं प्लॅस्टिक वाकतं. आतली सिलिकॉनची चकती मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही पातळ असते, भाजलेल्या पापडासारखी. एकदा गोलाई देऊन बसवलं की ते तसंच राहायला हवं, आणि तीही एकाच दिशेने. रोज थोडं वाकत राहिलं, किंवा कुणी टाच देऊन उभं राहिलं, की आत बारीक तडे जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. तडा गेलेली जागा तापते आणि सहा महिन्यांनी तिथे तपकिरी डाग उमटतो. म्हणून पोरांना छपरावर पाय ठेवायला एक पट्टा मोकळा सोडा आणि त्यावर खरखरीत रंग मारा, म्हणजे पाय आपोआप तिकडेच जाईल. खरेदी करताना वरचा थर ईटीएफई नावाच्या टिकाऊ प्लॅस्टिकचा आहे का, हे विचारा. साध्या पीईटीचा, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकचा, थर आपल्या उन्हात लवकर पिवळा पडतो.

माझी पहिली चूक सांगते, कारण ती मी अजून दर वर्षी कुठल्या ना कुठल्या बोटीवर बघते. मी एका केबिनवर दोन पॅनेल सरळ फायबरवर सिलिकॉनच्या गोंदाने चिकटवली होती. छान सपाट, चकचकीत दिसली. दुसऱ्या एप्रिलमध्ये मालकाचा फोन आला की निम्मीच वीज येते. जाऊन बघितलं तर जंक्शन बॉक्सच्या भोवती प्लॅस्टिकचे फोड आले होते आणि तीन चकत्या करपल्या होत्या. भर दुपारी तापमान मोजलं तर ७८ अंश. सौर चकतीची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. त्यावर चढणाऱ्या प्रत्येक अंशाला ती साधारण ०.४ टक्का वीज गमावते. म्हणजे रणरणत्या उन्हात, जेव्हा सर्वांत जास्त मिळायला हवी, तेव्हाच पाचवा हिस्सा हवेत जातो. शिवाय त्या उष्णतेने थर एकमेकांपासून सुटतात. त्या मालकाला पॅनेल मी माझ्या पैशांनी बदलून दिली.

तेव्हापासून मी पॅनेलच्या खाली पोकळ नळ्यांची पॉलिकार्बोनेट शीट घालते, शेडच्या छपराला वापरतात तीच, सहा मिलिमीटरची. नळ्या उताराच्या दिशेने ठेवायच्या आणि दोन्ही टोकं उघडी, म्हणजे वारा आत शिरतो आणि पाणी साचत नाही. त्याच बोटीवर पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वेळी ६१ अंश भरले. शीट फायबरवर आणि पॅनेल शीटवर चिकटवायला मरीन पॉलियुरेथेनचा गोंद घ्या, साधं सिलिकॉन नको. शिरक्यासारखा वास येणारं सिलिकॉन धातू खातं, आणि एकदा लागलं की त्या जागेवर पुन्हा दुसरं काही धरत नाही. चिकटवण्याआधी पॅनेलची पाठ आणि फायबर दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हातावरचं खोबरेल तेलसुद्धा पुरतं सगळं सोडवायला. गोंद पट्ट्या-पट्ट्यांनी लावा, मध्ये वाट ठेवून. फक्त पुढची कड पूर्ण बंद करा, नाहीतर लाटेचं पाणी आणि वारा दोन्ही तिच्याखाली शिरून ती उचलतात.

मुहूर्तही महत्त्वाचा आहे. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते, बोटी ओढल्या जातात, शाकारल्या जातात, आणि मग ‘आता वेळ आहे, पॅनेल बसव’ असे फोन मला येतात. तेव्हा फायबर दमट असतं आणि गोंद नीट धरत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात बोट लवकर वर घेता आली तर तेव्हा करा, नाहीतर ऑक्टोबरची वाट पाहा. शाकारताना पॅनेलवर आधी जुनी चादर टाका आणि मग ताडपत्री. ताडपत्री वाऱ्याने दोन महिने घासली की ईटीएफई पांढुरकं होतं. बॅटऱ्या काढून घरी न्या.

वायर कथिलाचा मुलामा दिलेली घ्या, सहा चौरस मिलिमीटरची. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत (पॅनेलची वीज आवरून बॅटरी भरणारी पेटी) पाच मीटर अंतर असेल तर हिच्यात दोन टक्क्यांच्या आसपासच व्होल्टेज पडतं. अडीचची वापरली तर पाच टक्के. साधं तांबं आपल्या खाऱ्या हवेत दोन मोसमांत आतून काळं होतं, बाहेरून कळतही नाही. सांधे क्रिंप करा आणि वर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज पाहिजेच. कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, घ्या. जोडताना बॅटरी आधी, पॅनेल नंतर; काढताना उलट. काम चालू असताना पॅनेलवर घोंगडी टाका, कारण ऊन बंद करायला बटण नाही. दोन पॅनेल समांतर जोडा. डोलकाठीची मनगटाएवढी सावलीसुद्धा एका पॅनेलचं उत्पन्न कोसळवते, पण समांतर असली की दुसरं चालू राहतं. बोट २४ व्होल्टवर असेल तर मात्र एकामागे एक जोडावी लागतील. मग ती डोलकाठीपासून जितकी दूर नेता येतील तितकी न्या.

आणि होकायंत्र. याबद्दल कुणीच विचारत नाही, पण मला हे सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटतं. पॅनेलची वायर होकायंत्राजवळून गेली तर तिच्यातल्या प्रवाहाने काटा सरकतो, आणि तोही फक्त दिवसा, ऊन असेल तेवढाच. म्हणजे चूक सकाळी एक आणि दुपारी दुसरी. अधिक आणि उणे अशा दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या आणि कंट्रोलर होकायंत्रापासून किमान मीटरभर लांब ठेवा. वायरलेसमध्ये खरखर आली तरी आधी पॅनेल तोडून बघा. स्वस्त कंट्रोलर हे त्याचं नेहमीचं कारण असतं.

धुण्यासाठी गोडं पाणी आणि मऊ फडकं. वाळलेले खवले खरवडू नका, भिजवा. पक्ष्यांची विष्ठाही रोज पुसावी लागेल. एका चकतीवर ती बसली की हिशोब डोलकाठीच्या सावलीसारखाच.

आम्ही दोघं आणि आठ वर्षांची मुलगी, मारुतीची ईको घेऊन सुट्टीत फिरतो. मागच्या सीट काढून पलंग केला आहे. ४० लिटरचा बारा व्होल्टचा फ्रिज आणि पंखा चालवायचा आहे. दोन वाकणारी पॅनेल दुहेरी टेपने टपावर चिकटवली तर?
एक वाचक, कोल्हापूर

ताई, ईको उंच आणि अरुंद गाडी आहे. काचेची दोन पॅनेल आणि लोखंडी कॅरिअर मिळून तीसेक किलो टपावर चढतात, आणि आंबा किंवा फोंडा घाटाच्या वळणावर ते जाणवतात. वाकणारी दोन, खालच्या शीटसकट, सहा-सात किलोत होतात. म्हणून तुमची निवड मला पटते. टेप मात्र एकटी नको. टपाचा पत्रा मे महिन्यात तापतो, पॅनेल आणि पत्रा वेगवेगळ्या प्रमाणात पसरतात, आणि टेपच्या कडा सुटायला लागतात. महामार्गावर ८०च्या वेगाला सुटलेलं पॅनेल मागच्या दुचाकीवर जाऊन पडेल, हे डोळ्यांसमोर ठेवून काम करा. पॉलिकार्बोनेट शीट, पॉलियुरेथेन, आणि पुढच्या कडेवर ॲल्युमिनियमची पट्टी. नळ्या पुढून मागे, म्हणजे गाडी चालताना वारा आरपार जाईल. टपाला उंचवटे असतात. शीट त्या उंचवट्यांवर टेकू द्या, पॅनेलला खाचांत दाबून बसवू नका.

हिशोब असा आहे: फ्रिज चालू असताना ४५ वॅट घेतो आणि आपल्या उकाड्यात दिवसातला निम्मा वेळ चालू असतो. त्याचेच ५४० वॅट-तास. पंखा १२०, दिवे आणि फोन ८०. सगळं मिळून ७४०. दोनशे वॅटची पॅनेल देतील ६५०, आणि तेही गाडी दिवसभर उन्हात उभी असेल तर. पण मुलगी आत झोपलेली असताना तुम्ही गाडी उन्हात उभी करणार नाही, आंब्याखालीच कराल. मग टपावरचं पॅनेल जवळजवळ शून्यावर येतं. मी तुमच्या जागी असते तर टपावर एकच शंभरचं लावलं असतं आणि दुसरं घडीचं घेतलं असतं, दहा मीटर वायरीचं. गाडी सावलीत, पॅनेल उन्हात. शिवाय इंजिनच्या अल्टरनेटरवरून डीसी-टू-डीसी चार्जर लावून घ्या, पण आधी अल्टरनेटरची क्षमता तपासून. २० अँपिअरचा चार्जर दोन तासांच्या प्रवासात पाचशे वॅट-तास भरतो. पावसाळ्यात खरा आधार तोच.

तुमची ईको सीएनजीची आहे का, ते पत्रात नाही. असेल तर बॅटरी आणि कंट्रोलर सिलिंडरच्या कप्प्यात अजिबात नको. लिथियम बॅटरी घेणार असाल तर ती खाली जमिनीलगत ठेवा. बंद गाडीत वरच्या बाजूला दुपारी जी उष्णता साठते, तिच्यात ती चार्ज करणं धोक्याचं. आणि पॅनेलपेक्षा मला त्या काढलेल्या सीटची जास्त काळजी वाटली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार करता येत नाही, आणि आसनसंख्या हा नोंदणीतला तपशील आहे. अपघात झाला तर विम्यावाले आधी तेच बघतील. आरटीओत जाऊन हे आधी नीट करून घ्या.

ऑनलाइन ३०० वॅटचं वाकणारं पॅनेल फार स्वस्तात मिळतंय. आकार ११० बाय ६० सेंटिमीटर. घेऊ का?
एक विद्यार्थी, नाशिक

नको. लांबी-रुंदीचा गुणाकार कर: ०.६६ चौरस मीटर. भर दुपारचं ऊन एका चौरस मीटरवर हजार वॅट धरतात, आणि चांगल्यात चांगल्या चकत्या त्यातले २० ते २२ टक्के पकडतात. म्हणजे या आकारात जास्तीत जास्त १४५ वॅट. त्यावर ३०० लिहिलेलं असेल तर विकणारा खोटं बोलतो आहे, आणि एक खोटं बोलणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवरही मी विश्वास ठेवत नाही.

मी मूळची पुण्याची, सध्या इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ कालव्यात नॅरोबोटीवर (लांब, अरुंद घरबोट) राहते. लोखंडी छत, सपाटच. इथे वाकणारी पॅनेल लावून हिवाळा निघेल?
एक वाचक

हिवाळा निघणार नाही. २१ डिसेंबरला भर दुपारी तुमच्याकडे सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर असतो. इथे रत्नागिरीत त्याच दिवशी पन्नास. त्या तिरप्या उन्हात आडवं पडलेलं पॅनेल उन्हाळ्याच्या मानाने एखादा अष्टमांश देईल. तुम्हाला एका बाजूने उचलता येणारं काचेचं पॅनेल हवं. लॉकमध्ये, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पाण्यात नेणाऱ्या दारांच्या कप्प्यात, छतावरून चालावं लागतं, म्हणून ते मध्यभागी, दोन्ही कडांना पाय ठेवायला वाट सोडून बसवा. वाकणारं एखादं लावायचंच असेल तर लोखंडावर थेट नको, खाली शीट घालूनच. तुमच्याकडे उष्णतेपेक्षा त्याच्याखाली साचणारा ओलावा आणि गंज हा प्रश्न मोठा. एप्रिल ते सप्टेंबर मात्र मजेत जाईल.

जुनं, करपलेलं पॅनेल केबिनवर घट्ट चिकटलेलं आहे. फायबर न सोलता काढायचं कसं?
एक खलाशी, देवगड

जाड तंगूस घे, दोन्ही टोकांना लाकडाच्या मुठी बांध, आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून पॅनेलखाली करवतीसारखी ओढा. त्याआधी पॅनेल झाका आणि वायर तोडा. करपलेलं असलं तरी उन्हात ते वीज देतंच. भर दुपारी, गोंद मऊ असताना करा. तंगूस तुटत राहिली तर पातळ पियानो वायर घ्या आणि हातमोजे घाला. उरलेला थर लाकडी पट्टीने काढायचा, लोखंडी पात्याने नाही.

निघालेलं पॅनेल बंदरावरच्या कचऱ्यात पेटवू नका. मी हे होताना पाहिलं आहे. त्या ईटीएफईच्या थरात फ्लोरिन असतं आणि जळताना त्यातून निघणारा वायू फुप्फुसं जाळतो. शेजारी माणसं जाळी विणत बसलेली असतात. २०२२च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचाही समावेश आहे. नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडे द्या, आणि तो देवगडपर्यंत येत नसेल तर चार-पाच बोटींची जमवून एकदम पाठवा.